टॉकीजमधी डिजिटल मशीन येऊन रायली, आता ऑपरेटरनं काय करावं?

कापूसकोंड्या | १२ फेब्रुवारी २०१२, रात्री ११:४०

राम राम मंडळी. वाचतो रोज पण धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या. विषय घरचा आहे.

आमचे मोठेबाबा (वडिलांचे थोरले भाऊ) यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमधी ऑपरेटर आहेत. ३१ वर्षं झाली. गावात टॉकीज एकच, कापसाच्या जिनिंगला लागून, खुर्च्या सहाशे पण त्यातल्या शंभरेक मोडक्या, पंखे पिक्चरच्या वर आवाज करणारे, तरी शुक्रवारी नवीन पिक्चर लागला की आजूबाजूच्या खेड्यातनं ट्रॅक्टर भरून पब्लिक येते. म्हणजे यायची. आता घरोघरी डिश आली आणि बसस्टँडवर सीडी मिळते.

तर झालं असं की मालकानं मागच्या आठवड्यात सांगितलं, लग्नसराईच्या आधी डिजिटल बसवून टाकतो. टपावर छत्री लागणार, पिक्चर सॅटेलाइटवरून उतरणार, रीळबीळ सगळं बंद. मोठेबाबांना सरळ काही बोलला नाही, "पाहू तुमचं काय करायचं ते" एवढंच. शनिवारी मी नागपूरहून घरी गेलो तर हे जेवताना म्हणतात, "मंग म्या तिथं बसून काय करू, छत्रीवरचे कावळे हाकलू?" मोठी आई हसली. मले काही हसू आलं नाही.

ज्यांनी मशीन रूम पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मशीन दोन असतात. एकीवर रीळ चालू, दुसरीवर पुढची भरून तयार. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल टिपका चमकतो, चार फ्रेमचा फक्त, पापणी लवली की गेला. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा टिपका येतो, तो दिसला की एकीची झडप बंद अन् दुसरीची उघडी. खाली बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मोठेबाबा हे करता करता माझ्याशी बोलत असायचे, परीक्षेचं विचारायचे, आणि नजर त्या भोकातून पडद्यावर. मी लहानपणी लई प्रयत्न केला तो टिपका पकडायचा, दहातला एक सापडायचा. आणि उजेड कार्बनचा. दोन काड्या, वरून तांब्याचा मुलामा, त्यांच्या टोकांमधी जाळ पेटलेला. काडी जळत गेली की टोकांतलं अंतर वाढते म्हणून खुंटी फिरवून फिरवून पुढं सरकवत राहायचं, जरा विसरलं की पडदा पिवळा पडलाच अन् खालून शिट्ट्या. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत तांबं उडून पडलेले बारीक बारीक डाग आहेत, देवी आल्यासारखे.

तर मले विचारायचं आहे ज्यांच्या गावात हे आधीच झालं त्यांना, की नोकरी राहते का जाते? वय ५६, शिक्षण दहावी, कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, पीएफचं तर विचारूच नका. ते म्हणतात रीळ काही एवढ्या लवकर मरत नाही, पण मी पेपरात वाचलं की पिक्चरची पट्टी बनवणाऱ्या कोडॅक कंपनीनं जानेवारीत तिकडं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दिला. हे त्यांना सांगू का नको तेही समजून नाही रायलं.

मशीनवाला_अमरावती | १३ फेब्रुवारी २०१२, सकाळी ६:१५

भाऊ, रात्री वाचलं अन् झोप उडाली. म्या बी ऑपरेटर, १९८४ पासून, आधी टूरिंग टॉकीजमधी अन् मंग पक्क्या टॉकीजमधी. आमच्या इकडं डिजिटल येऊन तीन वर्षं झाले म्हणून खरं काय होते ते सांगतो, गोड करून नाई सांगत.

कंपनीचा पोट्टा आला, असंल बावीस-तेवीसचा, दोन दिवसात त्यानं सगळं बसवलं अन् मले म्हणे काका हे दाबलं की चालू, हे दाबलं की बंद. झालं ट्रेनिंग. म्या इचारलं बाबू बंद पडलं तं? तं म्हणे या नंबरवर फोन करा. म्हणजे पंचवीस वर्षाचं काम एका फोन नंबरवर आलं पाहा. आधी आम्ही केबिनमधी चौघं होतो, दोन ऑपरेटर, एक हेल्पर, एक पोरगं रीळ गुंडाळायले. आता म्या एकटा. पगार कापला नाई, खोटं कायले बोलू, पण पिक्चर चालू करून दिला की खाली येऊन सायकल स्टँडचे पैसे मोजतो अन् इंटरव्हलले बत्त्या लावायले परत वर चढतो. गुडघे गेले त्याच्यात.

अन् ते रीळ मरत नाई म्हणते ना मोठेबाबा, त्याईले म्हणा अमरावतीले एक चक्कर मारून या. आमची अमरावती म्हणजे सीपी बेरारची (डिस्ट्रिब्युटर लोकाईचा आपला इलाका) पिक्चरची मंडी होती, इदर्भातल्या टॉकीजच्या प्रिंटा इथल्या ऑफिसातनं निघत, खानदेशाकडं भुसावळातनं. गुरुवारी संध्याकाळी लोखंडी पेट्या एसटीच्या टपावर चढवायले हमालाईची मारामारी. मिनिटाले ९० फूट पट्टी जाते, अडीच तासाचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर भरते. तेवढी पट्टी रोज चार खेळ मशीनमधून काढायची अन् चारदा उलटी गुंडाळायची, अन् एका जागी जरी भोकं फाटले असले तं ते बोटाले लागलं पायजे. गुंडाळता गुंडाळता पट्टीच्या काठावर बोट ठेवायचं, फाटलेलं आलं की बोट सांगते. नवीन पोट्ट्याचं बोट कापे पहिल्या महिन्यात. आता त्या पेट्यात कोणी गहू भरते, कोणी खत.

टूरिंगमधी असताना बहिरमच्या जत्रेत महिना महिना मुक्काम पडे आपला. डिसेंबरची थंडी, पब्लिक हंडीचं मटण अन् रोडगे हाणून तंबूत येऊन बसे, बायकाईसाठी मधात कनात, अन् मशीन ट्रकवरच. थंडीनं पट्टी कडक होऊन तुटे म्हणून म्या रीळ पोटाशी घेऊन शेकोटीजवळ बसो. मालक बोंबले, अबे जाळशीन! असो, कुठं गेलो म्या.

कामाचं सांगतो. तो बसवणारा पोट्टा आला की मोठेबाबाले म्हणा त्याच्या मागं मागं राहाजो. कोणती वायर कुठून निघाली, कुठं घुसली, सगळं वहीत काढून ठेवजो. त्याले चहा पाजजो, घरी जेवू घालजो. त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर घेजो, कंपनीचा नाई. म्या नाई घेतला अन् अजून पस्तावून रायलो.

थर्डचा_बादशहा | १३ फेब्रुवारी २०१२, दुपारी १:०५

मी उलटं बोलणार आहे, राग मानू नका काकाजी लोक.

आमच्या तालुक्याले पिक्चर यायचा तीन-तीन चार-चार महिन्यांनी, तोवर ती प्रिंट नागपूर, अमरावती, अकोला सगळीकडं घासून आलेली. पडद्यावर कायम पाऊस. मे महिन्यात ४६ डिग्रीत बाहेर ऊन तापून रायलं अन् पडद्यावर धो धो रेघा. जोडून जोडून इतके तुकडे गेलेले राहत की हिरो दरवाजा उघडे तो डायरेक्ट घोड्यावर बसलेलाच दिसे. अन् रात्रीच्या शेवटच्या खेळाले ऑपरेटर साहेबाची एसटी चुकू नये म्हणून दोन गाणे गायब! मले कित्येक पिक्चरचे गाणे पुढं टीव्हीवर दिसले तेव्हा समजलं की हे बी होतं त्याच्यात.

मंग आता जर पहिल्याच शुक्रवारी मुंबईले अन् आमच्या गावाले एकाच दिवशी एकच पिक्चर लागते, चकाचक, पूर्ण गाण्यासकट, तं मी तं त्या छत्रीले नारळ फोडतो. कोणाच्या पोटावर पाय येऊ नये हे खरं, पण पब्लिकच्या बाजूनं बी कोणी बोलावं का नाई?

मशीनवाला_अमरावती | १३ फेब्रुवारी २०१२, दुपारी ३:३०

बादशहा, गाणे आम्ही नाई कापत बे. मालक सांगे, पाचवा खेळ घुसवायचा असला की. एसटी चुकली तं आम्ही केबिनमधीच झोपो, तिथं कार्बनचा उबारा राहे.

पाऊस पडे हे मात्र कबूल.

मालकाचा_भाचा | १४ फेब्रुवारी २०१२, रात्री १०:२०

माझ्या मामाची टॉकीज आहे वर्धा जिल्ह्यात, गेल्या वर्षी डिजिटल केली, मी हिशोब पाहतो म्हणून दुसरी बाजू सांगतो कारण ऑपरेटरच्या नोकरीचं उत्तर केबिनमधी नाही, हिशोबाच्या वहीत आहे.

एक प्रिंट काढायले डिस्ट्रिब्युटरला साठ-सत्तर हजार लागत. तेवढे पैसे टाकून तो प्रिंट कोणाला देणार, जिथं आठवड्यात ते वसूल होतील त्याला. आपल्यासारख्या गावाला उरलेली. आणि प्रिंटसोबत त्यांचा माणूस यायचा, रिप्रेझेंटेटिव्ह, चार दिवस लॉजवर राहणार, मटण खाणार आणि तिकिटाची थप्पी मोजणार की मालक डोकी लपवत तर नाही. (लपवायचे. मामाचं नाही सांगत, सगळेच.) डिजिटलमधी पिक्चर रात्री सॅटेलाइटनं येऊन हार्ड डिस्कवर बसते, कुलूपबंद, आणि जितक्या दिवसांचं लायसन तितकेच दिवस उघडते. प्रत्येक खेळाची नोंद मशीन स्वतः ठेवते. म्हणजे न सांगता चोरून एक खेळ जास्त मारायचा तो धंदा बंद. मशीन बहुतेक ठिकाणी भाड्याची, दर खेळामागे पैसे द्यायचे, वरून पिक्चरच्या आधी त्यांच्या जाहिराती. मामा म्हणतो आधी मी टॉकीजचा मालक होतो, आता मी माझ्याच टॉकीजचा भाडेकरू आहे.

पण एक गोष्ट खरी झाली. मराठी पिक्चर. आधी मराठी निर्माता दहा-वीस प्रिंटा काढायचा, त्या पुणे मुंबई कोल्हापूर नाशिककडंच संपत, विदर्भात मराठी पिक्चर लागायचाच नाही आणि वर हेच म्हणणार की विदर्भाचं पब्लिक मराठी पाहत नाही. अरे दाखवाल तर पाहील ना. गेल्या वर्षात मामानं पाच मराठी पिक्चर लावले, दोन चालले, तीन पडले, पण लागले तरी.

तोट्याची गोष्ट म्हणजे सगळीकडं एकाच दिवशी लागल्यामुळं पिक्चर दुसऱ्या आठवड्यातच म्हातारा होतो. आधी एक पिक्चर नागपुरात पंचवीस आठवडे, मग आपल्याकडं सहा आठवडे. आता सोमवारी हॉल रिकामा. दर शुक्रवारी नवीन माल पाहिजे आणि तो चांगलाच पाहिजे.

कापूसकोंड्या, तुमच्या मोठेबाबांचा पगार मालकाच्या खर्चात फार नसतो हो. लाइट बिल, जनरेटरचं डिझेल आणि करमणूक कर यापुढं तो काहीच नाही. मालक त्यांना काढेल तर पगार वाचवायला नाही, तर "आता गरज काय" म्हणून काढेल. गरज आहे हे त्याला दिसलं पाहिजे.

आरसे_मोजणारा | १५ फेब्रुवारी २०१२, सकाळी ९:४८

पुण्यात असतो, प्रोजेक्टर बसवणे आणि दुरुस्ती हेच काम. वरच्या प्रतिसादातला "कंपनीचा पोट्टा" म्हणजे पूर्वीचा मीच समजा.

थोडं आतलं सांगतो. डिजिटल प्रोजेक्टरच्या चिपवर अतिशय बारीक आरसे असतात, पूर्ण टूके यंत्रात २०४८ गुणिले १०८०, म्हणजे २२ लाखांच्या वर. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा हलतो आणि प्रकाश भिंगाकडे पाठवतो किंवा नाकारतो. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून २००५ मध्ये याचं एक मानक ठरवलं. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत बसतात ती बरीच यंत्रं त्या मानकाच्या खालची आहेत, ती स्वस्त पडतात म्हणूनच यूएफओ किंवा क्यूब या डिजिटल कंपन्यांचं जाळं इतक्या लहान गावांपर्यंत पोचलं. चित्र स्थिर येतं, रेघ नाही, पाचशेव्या खेळालाही पहिल्यासारखंच. पण चांगल्या लेन्सवर चांगल्या कार्बनच्या उजेडात नवी कोरी प्रिंट पाहिली असेल तर काळा रंग खरा काळा कसा दिसतो ते माहीत असेल. तो अजून आमच्या यंत्रांना जमलेला नाही, हे मी विकणाऱ्यांच्यात असूनही सांगतो.

नोकरीबद्दल. मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये एकच माणूस एका खोलीत बसून सगळ्या पडद्यांचं वेळापत्रक लावतो, बत्त्या, पडदा, इंटरव्हल सगळं आपोआप. तिथे ऑपरेटर हा शब्द संपलाच. पण गावात उलट आहे. मी स्वतः पाहिलंय, ज्या केबिनमध्ये जुना ऑपरेटर ठेवलाय तिथून तक्रारीचे फोन कमी येतात. जिथे मालकाने त्याला काढून पानवाल्याच्या मुलाला बटण दाबायला बसवलं तिथे फोकस हलून महिना झाला तरी कुणाला कळत नाही. पडद्याकडे बघायची सवय ही वेगळी गोष्ट आहे, ती आम्ही दोन दिवसांत शिकवू शकत नाही.

तुमच्याकडची खरी अडचण वीज. कार्बनच्या यंत्राला लाइट गेली तर जनरेटर लावला, काड्या टेकवल्या, चालू. डिजिटलला तसं जमत नाही. लाइट झटक्यात गेली की सर्व्हर परत उठायला पाच-सात मिनिटं, दिवा तापलेला असेल तर तो थंड होईपर्यंत लागत नाही, आणि असं वारंवार झालं की हार्ड डिस्क जाते. काकांना सांगा यूपीएस आणि जनरेटर यांचा मेळ त्यांनी आपल्या ताब्यात घ्यावा. दुसरं, हवेची जाळी. जिनिंग शेजारी आहे म्हणालात ना? आम्ही कागदावर लिहून देतो अमुक दिवसांनी साफ करा, ते पुण्याच्या हवेसाठी.

झाडीपट्टीकर | १५ फेब्रुवारी २०१२, रात्री ११:५५

आमच्या वडशाकडं (गडचिरोली जिल्हा) टॉकीजपेक्षा नाटक चालते जी. दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा) सुरू, अन् गावोगावी रात्रभर नाटक, एकेका कंपनीच्या एका सीझनात शंभर-शंभर रात्री लागतात. आमच्याकडं लाइट अन् माइक सांभाळणारा पक्का माणूस मिळून नाही रायला. पोरं येतात, डिमर जाळतात अन् पळून जातात. दोन वर्षं एक जुना टॉकीज ऑपरेटर होता आमच्याकडं, त्याचा हात असा का नटानं मान वळवली का उजेड तिकडं. म्हणे मी तीस वर्षं टिपका पाहात होतो, तुमची मान तं मोठी आहे.

तुमचे मोठेबाबा रिकामे झाले तं कळवा. रात्रीचं जेवण, चहा अन् नगदी. फक्त थंडी लई राहते, मफलर घेऊन या म्हणा.

कापूसकोंड्या | ४ मार्च २०१२, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याचे कागद काढून घरी नेले होते, मोठेबाबांनी चष्मा लावून दोन दिवस वाचले. मशीनवाला भाऊंचं ते बोट सांगते वाचून म्हणाले, "हा माणूस खरा आहे." थर्डचा बादशहाचं वाचून शिव्या दिल्या आणि मग म्हणाले बरोबर आहे त्याचं. कोडॅकचं मी सांगितलंच नव्हतं पण कागदात होतं, तिथं बोट ठेवून थोडा वेळ बसले अन् पान पलटवलं.

मालकाशी मी बोललो. पगार तोच, दुसरा ऑपरेटर आणि हेल्पर दोघांना सुट्टी. दुसरा ऑपरेटर म्हणजे आमच्याच गल्लीतला, पोरगी लग्नाची. त्याच्या घरावरून जाताना मोठेबाबा आता सायकलवरून उतरून चालत जातात, कशासाठी ते त्यांचं त्यांना माहीत. झाडीपट्टीकर, त्याला तुमचा निरोप दिला आहे. वडसा कुठं आहे ते त्यानं नकाशात विचारलं.

काल शेवटची प्रिंट एसटीत टाकली. पेटीला कुलूप लावून मोठेबाबांनी किल्लीची चिठ्ठी नेहमीसारखी कंडक्टरकडे दिली, वेगळं काही बोलले नाहीत. कार्बनचे उरलेले डबे मालक भंगारात देत होता ते मात्र सायकलला बांधून घरी आणले. मोठी आई म्हणते धान्याच्या कोठीत जागा नाही अन् हे काड्या आणून रायले.

कापूसकोंड्या | ९ डिसेंबर २०१३, रात्री १०:३५

धागा वर काढतोय, आरसे_मोजणारा यांना सांगायचं राहून गेलं म्हणून.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं आणि टॉकीजची मशीन रोज सहाच्या खेळात इंटरव्हलच्या आसपास आपोआप बंद पडायला लागली. पडद्यावर काळं, पब्लिक खुर्च्या आपटते. फोन केला तर इंजिनिअर नागपूरवरून दोन दिवसांनी येतो म्हणे. मालकानं मशीनला अगरबत्ती लावली. मोठेबाबांनी तीन दिवस काहीच केलं नाही, फक्त घड्याळ आणि वही घेऊन बसले. नऊच्या खेळाला बंद पडत नाही, दुपारी बाराला पडत नाही, सहालाच का? जिनिंगची पाळी तेव्हा जोरात असते. मागचं झाकण उघडून जाळी बाहेर काढली तर तिच्यावर रुईचा थर, गोधडीसारखा, बोटानं सोलून निघाला. आत हवा जात नव्हती, मशीन तापून स्वतःला बंद करत होती. तेव्हापासून सीझनमधी रोज दुपारी जाळी झटकतात, आणि खिडकीला मोठी आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा ओला करून लावला आहे. इंजिनिअर आला तेव्हा मशीन चालूच होती. त्यानं लुगड्याचा फोटो काढून नेला.

यंदा फुजीनं पिक्चरची पट्टी बनवणं सोडलं, ते मोठेबाबांनीच मला सांगितलं, पेपरात वाचून.

दुसरा ऑपरेटर दोन सीझन वडशाकडं आहे. पोरीचं लग्न झालं. मफलर खरंच लागतो म्हणे.

नवा_सभासद_नागपूर | १४ नोव्हेंबर २०२१, दुपारी ४:२२

जुना धागा उकरतोय, माफी. कापूसकोंड्या दादा, अजून इथं आहात का? टॉकीजचं काय झालं? आणि त्या जुन्या दोन मशीन अजून आहेत का, विकायच्या असतील तर सांगा, चांगली किंमत देतो.

कापूसकोंड्या | १६ नोव्हेंबर २०२१, रात्री ११:०५

आहे आहे, नऊ वर्षांत पासवर्ड तोच.

टॉकीज मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच. मधी पन्नास टक्के म्हणून सरकारनं परवानगी दिली होती, मालक म्हणाला सहाशेच्या पन्नास टक्के तीनशे, माझ्याकडं तसेही साठ येत होते. २२ ऑक्टोबरला राज्यात सगळीकडं उघडल्या, आमची नाही. डिजिटल मशीन कंपनीची होती, ती दोन पोरं येऊन पिकअपमधी टाकून अर्ध्या तासात घेऊन गेली. छत्री तेवढी टपावर आहे, तिच्यावर खरंच कावळे बसतात. मोठेबाबा ६५ झाले, गावातल्या मोटारपंपांचे स्टार्टर दुरुस्त करतात, पंप चालू असताना बाहेर उभं राहून सांगतात की आतून काय गेलं.

जुन्या दोन्ही मशीन आहेत. पायाच सिमेंटात आहे आणि दार लहान, भिंत फोडल्याशिवाय निघत नाहीत म्हणून भंगारवाल्यानंही सोडल्या. मालक म्हणतो जो न्यायला येईल त्यानं भिंतीचा खर्च द्यावा.

तुमचं मोठेबाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले आधी त्याले इचार, चालवणार हाय का हॉटेलात शोभेले ठेवणार. शोभेले असंल तं येऊ नको म्हणा. चालवणार असंल तं ये म्हणा, कार्बनचे अडीच डबे शिल्लक हायेत.